सासू-सासरे आणि मुलांना घेऊन न्यू ऑर्लिन्सची कॉकटेल आणि खाण्याची ट्रिप करावी का? किती दिवस लागतील?

तुम्ही लिहिलंय की नऊ जण आहात, सासू-सासरे पीत नाहीत, मुलं लहान आहेत आणि नवऱ्याला तिथला कॉकटेलचा इतिहास बघायचाय, तर हे फॅमिलीला शोभेल का. शोभेल. न शोभण्यासारखं काय आहे त्यात? आमच्या घरात याच गोष्टीवरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही सोलापूरचे. बहीण ह्यूस्टनला असते, तिथून न्यू ऑर्लिन्स गाडीने पाच-सहा तास. आई-आण्णा, आम्ही दोघं, पोरं, बहिणीचे सासू-सासरे असा सगळा गोतावळा निघणार होता. त्याआधी गड्ड्याच्या यात्रेला सगळे घरी जमलेले, पंगतीत मोठे काका सगळ्यांदेखत म्हणाले, "आण्णाला म्हातारपणी दारूच्या गावाला नेतोस होय रे?" आण्णा गप्प बसले. आई तशीच पानावरून उठली. मला ते अजून लागतं.

कारण आण्णांनी सगळी उमर मधल्या मारुतीजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात काढली. हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, काडेचिराईत, पुडी नाकाला लावली की सांगणार कुठला माल आहे आणि किती जुना. आणि न्यू ऑर्लिन्सच्या कॉकटेलची गोष्ट सुरूच होते औषधवाल्यापासून. पेशो नावाचा माणूस, हैतीकडून आलेलं घराणं, 1830 च्या दशकात रॉयल स्ट्रीटवर त्याचं औषधाचं दुकान, तिथे तो स्वतःचं बिटर्स, म्हणजे जडीबुटी दारूत मुरवून केलेला कडू अर्क, बनवून विकायचा. तेच पुढे साझरॅक नावाच्या कॉकटेलमध्ये पडलं. म्हणतात की आधी साझरॅक फ्रान्सच्या ब्रँडीत व्हायचं, मग तिकडे द्राक्षबागांना फायलोक्सेरा कीड लागली, ब्रँडी मिळेना, म्हणून राय व्हिस्की आली. ग्लासात आतून ॲबसिंथ ही बडीशेपेच्या वासाची कडक दारू फिरवायचे, त्यावर 1912 ला बंदी आली, मग तिच्या जागी तशाच चवीची हर्बसेंट. 2008 मध्ये साझरॅक शहराचं अधिकृत कॉकटेल झालं. गाईड छातीठोक सांगतात की कॉकटेल जन्मलं इथेच, ते ऐकून सोडून द्या. 1806 मध्येच न्यूयॉर्क राज्यातल्या एका पेपरात कॉकटेल म्हणजे काय ते छापून आलंय, तेव्हा पेशो लहान पोर होता.

कॅनाल स्ट्रीटवर साझरॅक हाऊस आहे, तिथे हा सगळा इतिहास मांडलाय. पोरं आत आली, चव मात्र 21 च्या वरच्यांनाच. तिथल्या मुलीने बिटर्सचे थेंब आण्णांच्या तळहातावर टाकले, चोळून वास घ्या म्हणाली. आण्णांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "चिराईताच्या जातीचं काहीतरी आहे यात, आणि बडीशेपेसारखं पण." मी इंग्रजीत सांगितलं तर ती म्हणाली जेन्शन नावाच्या कडू वनस्पतीचं मूळ असतं. नंतर बघितलं तर जेन्शन आणि काडेचिराईत खरंच एकाच कुळातले निघाले! पुढे शार्त्र स्ट्रीटवरचं फार्मसी म्युझियम, 1823 ची इमारत, बरण्या, जळवांची भांडी, कडू औषध घशाखाली जावं म्हणून सोडा फाउंटन, तिथून आण्णा निघेचनात, बहिणीच्या सासऱ्यांना प्रत्येक बरणी समजावून सांगत बसले. आण्णांना इतकं मोकळं बोलताना मी दुकान बंद झाल्यापासून पाहिलं नव्हतं. काकांना फोटो दाखवले तर म्हणे, शेवटी दारूच ना. नाही काका, ते आण्णांचं आयुष्यभराचं ज्ञान होतं, आणि सातासमुद्रापलीकडे एका अनोळखी पोरीने त्याला मान दिला.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर तीन दिवस पुरतात. बरबन स्ट्रीट रात्री फॅमिलीला अजिबात नेऊ नका, नुसता गोंगाट आणि घाण. बारमध्ये लहान मुलांना घेत नाहीत, त्यामुळे नवऱ्याला एक संध्याकाळ मोकळी द्या, हॉटेल मॉन्टेलिओनचा 1949 पासून गोल फिरणारा कॅरोसेल बार तो बघून येईल, बाकीच्यांनी कॅफे दु मॉन्दला बेन्ये, म्हणजे पिठीसाखर भुरभुरलेले तळलेले पाव, आणि चिकोरीची कॉफी घ्यावी, 1862 पासूनचं ठिकाण आहे, आमच्या आईला तिथलं सगळं चाललं.

हां, सासू-सासरे शाकाहारी असतील तर बाकी खाणं अवघड आहे. गंबो म्हणजे तिथला दाट रस्सा, त्यात भेंडी असते म्हणून खूश होऊ नका, आत कोळंबी नाहीतर सॉसेज असतंच. सोमवारचा राजमा-भात, म्हणजे रेड बीन्स, तोही डुकराच्या हाडावर शिजवतात. सोमवारचा का, तर पूर्वी सोमवार धुण्याचा वार, चुलीवर ठेवून द्यायचा म्हणून. प्रत्येक ठिकाणी विचारा. आम्ही शेंगाची चटणी आणि कडक भाकरी नेली होती, तीच कामाला आली. आणि बिटर्समध्येही अल्कोहोल असतंच बरं का, माळ घातलेली असेल तर वासावरच थांबा.

जून ते नोव्हेंबर वादळांचा सीझन, मार्च-एप्रिल बरा. आणि सासऱ्यांना तुम्ही स्वतः विचारा, फॅमिली ग्रुपवर टाकून नातेवाईकांचं मत मागत बसू नका.