दुसऱ्यांदा बघताना

'मास्टर अँड कमांडर' हा शिडांच्या युद्धनौकेवरचा सिनेमा एकदा बघून झाला ना? मग पुन्हा लाव. पहिल्या खेपेला आपण गोष्टीमागे धावतो, जहाज बघायचं राहूनच जातं.

धुक्यातला सुरुवातीचा हल्ला घे. आधी दूर नुसता उजेड लकाकतो, गोळे नंतर येऊन आदळतात. मग तोफांकडे बघ. बार उडाला की चाकांवरची अवजड तोफ सपकन मागे येते आणि जाडजूड दोर तिला आवरतात. ज्या सिनेमात तोफ जागची हलत नाही, तो माझ्या मनातून तिथेच उतरतो. लाकडाच्या उडणाऱ्या ढलप्याही बघ, त्या गोळ्यांइतक्याच जीवघेण्या असत.

एक फेरी फक्त कानांसाठी ठेव. हेडफोन लावून दोरांची करकर ऐक. ध्वनिसंकलनाचं ऑस्कर याला उगाच नाही मिळालं!

चुका काढायची मात्र घाई नको. मूळ कादंबरीतलं शत्रूचं जहाज अमेरिकन, पडद्यावर काळ १८०५चा आणि शत्रू फ्रेंच. हा जाणूनबुजून केलेला बदल आहे. शिडं वाऱ्याच्या उलट फुगलेली दिसली, तर ती चूक.

हे जमलं की १९८१चा 'दास बोट' घे. पाणबुडीच्या अरुंद दारांतून माणसांमागे पळणारा कॅमेरा बघ, आपलाच श्वास कोंडतो.