नर्सरीतून आणलेलं कार्नेशन कुंडीत महिनाभरात का मरतं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. पुण्यात पूर्वेच्या गॅलरीतलं कार्नेशन (झालरीच्या पाकळ्यांचं, बुकेत असतं ते फूल) खालून पिवळं पडत महिनाभरात का जातं, ऊन जास्त होतंय का, आणि पुढच्या वेळी कुठली जात घ्यावी. मधेच एक ओळ सहज लिहून गेलात: "रोप डुगडुगत होतं म्हणून जरा खोल लावून माती दाबली, रोज पाणी घालतो." उत्तर त्या ओळीतच आहे. ऊन बिचारं उगाच बदनाम होतंय.

कार्नेशन खोल लावायचं नसतं. ट्रेमधून निघालेलं रोप कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, गड्ड्यासकट लावताना गड्ड्याचा दोन तृतीयांश भाग मातीत आणि एक तृतीयांश वर, उघडा. दिसायला अर्धवट लावल्यासारखं दिसतं, तसंच राहू द्यायचं. पॉलीहाऊसमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छताखालच्या फुलशेतीत, नवीन मजूर आला की मुकादम पहिली हीच गोष्ट त्याच्या डोक्यात घालतो, कारण एक गादीवाफा खोल लावला गेला की पंधरवड्यात त्यातली रोपं माना टाकायला लागतात.

या बाबतीत माझा घरातच जुना वाद आहे. आमचे मामा नारायणगाव पट्ट्यातले, उभी हयात टोमॅटोत गेली. त्यांचं ठाम मत, की रोप गळ्यापर्यंत गाडलं की मजबूत होतं. टोमॅटोचं बरोबरच आहे. त्याच्या खोडाला माती लागली की तिथून नवी मुळं सुटतात, रोप उलट जोमदार होतं. कार्नेशनच्या मुळं धरलेल्या रोपाला तसं काही जमत नाही. त्याचा गळा, म्हणजे खोड मातीला मिळतं ती जागा, कोरडी आणि हवेशीर लागते. रायझोक्टोनिया नावाची बुरशी मातीच्या वरच्या थरातच असते. ओली माती खोडाला चिकटून बसली की तिला आयतं घर मिळतं. मामांना हे दहा वेळा सांगून झालं. "रोप ते रोप" हे त्यांचं उत्तर, आणि दुर्दैवाने बऱ्याच नर्सरीवाल्यांचंही तेच. गिऱ्हाइकाला रोप देताना "खोल लावा, रोज पाणी घाला" हे दोन सल्ले फुकट देतात आणि महिन्याने तेच गिऱ्हाईक दुसरं रोप न्यायला येतं.

रोप डुगडुगतं त्याचं काय? बांबूची काडी लावा, सुतळीने सैल आठचा फास द्या. दोन-तीन आठवड्यांत मुळं गड्ड्याबाहेर पडतात आणि रोप आपोआप घट्ट बसतं. अंगठ्याने माती दाबणं पूर्ण बंद. दाबल्याने मुळांभोवतीची हवा जाते आणि वरून टाकलेलं पाणी गळ्याशी तुंबतं.

मेलेलं रोप टाकून दिलं नसेल तर उपटून बघा. गळ्याशी नखाने साल खरवडा. तिथेच तपकिरी, कोरडी पडलेली असेल, रोप हलक्या झटक्याने मातीच्या पातळीवर मोडत असेल आणि खाली मुळं बऱ्यापैकी पांढरी असतील, तर ती खोडकुज, खोल लावल्याची. मूळ चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि हातात नुसता दोरा उरला, तर मूळकुज, म्हणजे पाणी जास्त. आणि गळा, मुळं दोन्ही ठीक, पण रोपाची एकच बाजू आधी सुकली असेल, तर ब्लेडने खोड उभं चिरा. आत तपकिरी रेघा दिसल्या की समजा मर, म्हणजे फ्युजेरियम बुरशीने रोप सुकवणारा रोग. पहिल्या दोन प्रकारांत पुढचं रोप वाचतं. मर असेल तर त्या कुंडीतली माती कार्नेशनसाठी संपली. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं तग धरते आणि उष्णता वाढली की उसळते. म्हणून मार्चपर्यंत ठणठणीत दिसणारं रोप अचानक जातं आणि खापर उन्हावर फुटतं. माती फेकून द्या, गुलाबाच्या कुंडीतही टाकून पसरवू नका, कुंडी धुऊन कडक उन्हात वाळवा. बुरशीनाशकाने मर बरी होत नाही. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची लिटरला 1 ग्रॅमची आळवणी, म्हणजे मुळाशी ओतणं, रोप लावताना संरक्षण म्हणून ठीक, मान टाकलेल्या रोपाला ओतून काही उपयोग नाही. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी वापरणार असाल तर कार्बेन्डाझिम नको, ते ट्रायकोडर्मालाही मारतं.

तुमच्या वर्णनावरून, खालून पिवळं आणि रोज पाणी, मला खोडकुज अधिक मूळकुज वाटते. पाण्याचा नियम सोपा आहे. बोट दोन पेरं मातीत घाला, वरचं पेर कोरडं लागलं तरच पाणी. सकाळी, कडेने, गळ्यावर नाही आणि पानांवर तर नाहीच. हिवाळ्यात 8 इंची कुंडीला हे दोन-तीन दिवसांआड येतं, मार्चमध्ये रोज येऊ शकतं. कार्नेशनची पानं अरुंद, निळसर-करडी, वर मेणाचा थर, त्यामुळे ते पाणी जपून वापरतं. पानांचा करडेपणा जाऊन ती हिरवीगार, लांब, लुळी व्हायला लागली तर खूश होऊ नका. नत्र जास्त झालंय नाहीतर ऊन कमी पडतंय.

मातीबद्दल. पुण्याची काळी माती एकटी वापरूच नका. लाल माती एक भाग, जाड वाळू किंवा भाताचं तूस एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. अर्धकच्चं शेणखत घातलंत तर बुरशीला जेवण वाढलंत. मातीचा सामू (pH) 6 ते 6.8 च्या आसपास हवा. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर क्षार साठतात आणि पानांची टोकं जळतात. अशा कुंडीत महिन्यातून एकदा भोकातून भरपूर पाणी वाहून जाईल इतकं साधं पाणी सोडा.

आता "कार्नेशन पॉलीहाऊसशिवाय होतच नाही" हे तुम्हाला कुणीतरी सांगितलंय ते. अर्धसत्य आहे. तळेगाव दाभाडे, मावळच्या पट्ट्यात पॉलीहाऊस उभी राहिली ती बाजाराला वर्षभर एकसारखी लांब दांडी द्यायला आणि मुख्य म्हणजे आपला पाऊस अडवायला. पान ओलं राहिलं की करपा आणि तांबेरा हे बुरशीचे रोग ठरलेले. तुमची गॅलरी वरून झाकलेली असेल तर तेवढं काम झालं. थंडीचं बघाल तर कार्नेशनला रात्री 10 ते 13 अंश आणि दिवसा 18 ते 24 हवे असतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री त्याला हव्या तशाच असतात. अडचण दुपारची: पारा 28-30 ला जातो, म्हणजे दिवस-रात्रीत 16-18 अंशांचा फरक. त्याने रोप मरत नाही, फूल बिघडतं. पाकळ्यांखालचा हिरवा कप, कॅलिक्स, एका बाजूने फाटतो आणि पाकळ्या तिकडून ओघळतात. बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य कमी असेल तर हे आणखी वाढतं. उपाय म्हणून 10 लिटर पाण्यात 1 ग्रॅम बोरॅक्स विरघळवून त्यातलं एक-दोन ग्लास कुंडीला, हंगामात एकदाच. "जास्त घातलं तर जास्त फायदा" हे बोरॉनला लागू नाही, पानांच्या कडा जळतात. शिवाय कळीच्या टोकाला रंग दिसायला लागला की कॅलिक्सवर बारीक रबर किंवा पारदर्शक चिकटपट्टीची कडी चढवायची. फुलवालेही हेच करतात, बुके उघडून बघा.

शेंडा खुडणं बहुतेक जण टाळतात, जीव होत नाही म्हणून. खुडाच. लावल्यानंतर चार आठवड्यांच्या आसपास, खाली पानांच्या 5-6 जोड्या ठेवून, सकाळी रोप ताठ असताना शेंडा वाकवून टचकन मोडायचा. पेरावर कटकन तुटला पाहिजे, कात्री नको. कात्रीने रोग एका रोपावरून दुसऱ्यावर जातो. मग खालून चार-पाच फुटवे येतात आणि फूल चार-पाच महिन्यांनी. न खुडता ठेवलं तर एकच दांडा लवकर येतो, आडवा पडतो. फुटवे वितीएवढे झाले की आधार द्या. एक मोठं फूल हवं तर टोकाची कळी ठेवून बाजूच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच काढायच्या. फुलांचा घोस हवा असेल तर उलट, टोकाची काढायची आणि बाजूच्या ठेवायच्या. पण ही गणितं जातीवर ठरतात. घोसाच्या जातीची बाजूची कळी काढत बसलात तर तिचं एकुलतं एक फूल लहानच राहणार.

खत शेंडा खुडल्यानंतर. 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत) लिटरला 1 ग्रॅम आठवड्याला, कळी दिसली की 13:0:45 (जास्त पालाशचं) त्याच प्रमाणात, आणि मधल्या एखाद्या आठवड्यात कॅल्शियम नायट्रेट. कॅल्शियम नायट्रेट 19:19:19 सोबत एकाच बादलीत घालू नका, तळाला पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया. फेब्रुवारीपासून पानं उलटी करून बघत जा, लाल कोळी ही बारीक कीड पाठीमागे असते. सुरुवातीला सकाळी पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. पानं ओली करायची ती एवढ्यासाठीच, आणि उन्हं चढेपर्यंत वाळली पाहिजेत.

जातीचं थोडक्यात. नर्सरीत "कार्नेशन" म्हणून जे मिळतं ते बहुधा पॉलीहाऊसमधलं लांब दांडीचं रोप असतं. गॅलरीला ते नकोच. कुंडीच्या बुटक्या जाती घ्या, किंवा बी टाकून शाबो प्रकार करा, तो पेरल्यापासून सहाएक महिन्यांत फुलतो. म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला पेरलात तरच उन्हाळ्याआधी फूल बघाल. खरं विचाराल तर पहिल्या वर्षी कार्नेशन सोडा आणि त्याच्याच घराण्यातला साधा डायंथस लावा, ज्याला चायना पिंक म्हणतात. ऑक्टोबरमध्ये ट्रेमध्ये पेरा, वर फक्त चाळलेल्या कोकोपीटचा हलका थर. आठवड्या-दहा दिवसांत उगवतं. पानांच्या चार जोड्या झाल्या की 8 इंची कुंडीत एक रोप. फुलं सुकली की अर्ध्यावर छाटा, पुन्हा बहर येतो. टेलस्टारसारखे डायंथसचे संकर तर आपल्या हवेला आणखी चिवट. स्वीट विल्यम, हाही डायंथसचाच प्रकार, त्याच्या जुन्या जातींना मात्र मोठी थंडी लागते, पुण्यात त्या पहिल्या वर्षी नुसती पानं देत बसतात. संकराचं बी धरून ठेवू नका. 1717 च्या सुमारास लंडनच्या थॉमस फेअरचाइल्डने कार्नेशन आणि स्वीट विल्यमचा संकर केला, माणसाने मुद्दाम केलेला पहिला वनस्पती-संकर म्हणून त्याचंच नाव सांगतात. ते रोप वांझ निघालं. आजचे संकर वांझ नसले तरी त्यांच्या बियांतून आईसारखं रोप येईलच असं नाही.

रोप वाढवायचं तर छाट घ्या. फूल न आलेला 10-12 सेंटीमीटरचा बाजूचा फुटवा पेरापासून ओढून काढा, खालची पानं काढून टाका, रूटिंग पावडर लावून ओलसर कोकोपीट-वाळूत इंचभर खोचा, सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. निरोगी रोपाचाच फुटवा, कारण मर छाटीतून पुढच्या रोपात जाते.

हे सगळं पुणे, नाशिक, साताऱ्यासारख्या कोरड्या थंडीच्या गावांसाठी. मुंबई, कोकण, गोव्यात कार्नेशनच्या नादी लागू नका, दमट हवेत गळा कोरडा राहणार नाही. तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी डायंथस लावा, पुरे आहे. पाचगणी-महाबळेश्वरला राहत असाल तर पावसाळ्यात छत द्या, बाकी हवा तुमच्या बाजूची आहे. आणि पूर्वेच्या गॅलरीत सकाळचं चार तासांपेक्षा कमी ऊन येत असेल तर वरचं सगळं करूनही दांडे बारीक येतील. तसं असेल तर कुंडी गच्चीवर न्या.