धोरणाच्या वादात उतरण्याआधी

भाऊ, ‘सरकार विरुद्ध शेतकरी’ हे चित्र आधी डोक्यातून काढा. बीटी वांग्याचंच घ्या, म्हणजे अळीला तोंड देण्यासाठी जनुक बदलून तयार केलेलं वांगं. ऑक्टोबर 2009 मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने मंजुरी दिली आणि 9 फेब्रुवारी 2010 ला पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. मध्ये जाहीर सुनावण्या झाल्या. एका बाजूला बियाणे कंपनी, काही शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य मागणारे शेतकरी. दुसरीकडे पर्यावरणवाले, सेंद्रियवाले, काही राज्य सरकारं आणि तितकेच नावाजलेले शास्त्रज्ञ! तज्ज्ञ दोन्हीकडे असतातच. म्हणून अहवाल हातात आला की निष्कर्षाआधी बघा: चाचण्या कुणी केल्या, किती दिवसांच्या, प्रश्न कुणी ठरवला? चाचण्यांची स्वतंत्र तपासणी नाही, हा तेव्हाचा मोठा आक्षेप होता.

आपल्याकडे भरिताचं वांगं म्हणजे जिव्हाळ्याचा विषय, जळगावच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे. पण सुनावणीत नुसता जिव्हाळा चालत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या बामणोदकडच्या शेतकऱ्याकडे बसा. शेंडा-फळ पोखरणाऱ्या अळीवर कोणत्या महिन्यात काय फवारलं, किती खर्च आला, तारखेसह लिहून घ्या. असा कागद दोन्ही गटांकडे फारसा नसतो. आणि विरोधी गटातल्या शास्त्रज्ञाशी चहा प्यायला लाजू नका. पुढच्या समितीत बहुधा तोच बसलेला असतो.