आधी १२० रुपये, मग अंबाबाईचा उंबरा

मावशी,

मी कोल्हापुरातच राहते. आमच्या बचत गटाची सहा वर्षं सचिव आहे. आम्ही बाराजणी, महिन्याला प्रत्येकीचे २०० रुपये. दिवाळीच्या आधी हिशेब केला तर १४,३०० रुपये कमी निघाले. अध्यक्षबाई भर मीटिंगमध्ये म्हणाल्या, "वह्या हिच्याकडं, रोकड हिच्याकडं, मग पैसे गेले कुठं?" २०२१ च्या पुरात वह्या भिजल्या होत्या, त्या मीच नव्या वहीत उतरवल्या, त्यावरूनही आता बोलायल्यात. येत्या शुक्रवारी अंबाबाईच्या उंबऱ्याशी उभी राहा, पोराची शपथ घे आणि पैसे घेतले नाहीत म्हणून सांग, नाहीतर पोलिसात जातो, असं सगळ्यांचं म्हणणं. नवरा म्हणतो, भरून टाक आणि मिटव. मी एक रुपया खाल्लेला नाही, देवी साक्षीला आहे. परवा तिच्यासमोर जाऊन म्हणून आले, जिनं हे केलं तिचं वाटोळं होऊ दे. शपथ घेऊ का?

ता. क. दोन वर्षांपूर्वी पोराच्या पॉलिटेक्निकच्या फीला कमी पडत होते म्हणून गटाच्या जमलेल्या रकमेतले ३,००० वापरले होते. दोन महिन्यांनी भरले. कुणाला माहीत नाही. ते यात धरायचं नाही ना?

बाळ,

तुझं पत्र परत परत वाचलं. १४,३०० रुपये तू घेतले नाहीस हे मला पटलं. देवीला साक्षीला ठेवलंस म्हणून पटलं असं नव्हे, ता. क. लिहिलंस म्हणून पटलं. त्या चार ओळी गाळल्या असत्यास तरी मला कळायला काही मार्ग नव्हता. तुला राहवलं नाही.

शुक्रवारी शपथ घेऊ नकोस.

जरा डोळ्यांसमोर आण. शुक्रवारची गर्दी, पितळी उंबऱ्याजवळ तू, मागं अकराजणी. तुझ्या मनात वाक्य ठरलेलं आहे: "हे १४,३०० मी घेतले नाहीत." ते खरं आहे, ते तू बोलशील. पण त्यांच्यातली एखादी म्हणाली, "असं नको, गटाच्या पैशाला कधी हात लावला नाही, असं म्हण," तर? शपथेचे शब्द तुझ्या हातात राहत नाहीत, ते मागणाऱ्याच्या हातात असतात. त्या वेळी तू थांबलीस तर त्या म्हणतील, बघा, अडखळली. आणि दडपून बोलून गेलीस तर ज्या देवीला तू लहानपणापासून आई म्हणत आलीस तिच्यासमोर खोटं बोललेली असशील, तेही जी चोरी केलीच नाहीस तिच्यातून सुटण्यासाठी. पुढं वह्या बरोबर निघाल्या, सगळ्यांनी हात जोडून माफी मागितली, तरी त्या उंबऱ्याशी तुला पूर्वीसारखं उभं राहता येणार नाही. मला भीती आहे ती या गोष्टीची, १४,३०० ची नाही.

पोराची शपथ तर अजिबात नको. त्याला यातलं काय माहीत? उद्या त्याला साधा ताप आला तरी गल्लीत कुजबुज होईल, आणि सगळ्यात आधी तुझ्याच पोटात गोळा येईल, कारण ती फी त्याचीच होती.

तू म्हणशील, देवाची शपथ घ्यायला नको म्हणणारी ही कसली मावशी. आपल्याकडं बेलभंडारा उचलायची चाल जुनी आहे, मला माहीत आहे. त्याच्याही पलीकडं दिव्य होतं, म्हणजे खऱ्या-खोट्याची परीक्षा. उकळत्या तेला-तुपातनं हातानं धातूचा तुकडा बाहेर काढायचा, त्याला रवादिव्य म्हणत. मग हात बांधून त्यावर मोहोर करायची आणि काही दिवसांनी उघडून बघायचा, फोड आला की नाही. पण त्या लोकांचासुद्धा एक नियम होता, तो आपण विसरलो. आधी कागद, मग साक्षीदार, मग वहिवाट. यातलं काहीच हाताला लागलं नाही तर आणि तरच दिव्य. तुमच्याकडं कागद आहे. बाराजणींची बारा पासबुकं आहेत, बँकेचं पासबुक आहे, वही आहे. ते सगळं पिशवीत बांधून ठेवून देवीला मध्ये ओढायचं म्हणजे हिशेबाचा कंटाळा केल्यासारखं आहे. हे त्या अकराजणींनाही सांग, माझं नाव घेऊन सांग.

आता ते ३,०००. "धरायचं नाही ना?" असं विचारलंस. धरायचं, बाळ. सगळ्यात आधी तेच धरायचं.

तू ती चोरी केलीस असं मी म्हणत नाही. पैसे तू परत भरलेस. पण गटातल्या कुणालाही ३,००० लागले असते तर तिला मीटिंगमध्ये मागावे लागले असते, चार जणींसमोर कारण सांगावं लागलं असतं, वहीत नोंद झाली असती आणि महिना शेकडा दोन रुपयांनी व्याज भरावं लागलं असतं. तुमच्यात व्याज काय चालतं ते तू लिहिलं नाहीस, बऱ्याच गटांत महिन्याला दोन टक्के असतं म्हणून तेवढंच धरते. तुझ्याकडं रोकड होती म्हणून तू त्या सगळ्यातनं सुटलीस. ३,००० चं दोन महिन्यांचं व्याज होतं १२० रुपये. आज गटाचं तुझ्याकडं येणं आहे ते १२० रुपये आणि न मागितलेली परवानगी. एवढंच आहे, पण तेवढं आहे.

आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव तू बघितलाच असशील. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीचे किरण महाद्वारातनं आत येतात, पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. एखाद्या वर्षी ते गुडघ्यापर्यंतच येतात आणि विरून जातात. सूर्य तोच असतो, देवी तिथंच असते. वाटेत कुठं इमारतीचा कोपरा पुढं आलेला असतो, कुठं हवेत धूळ, दमटपणा असतो. दरवेळी त्यावर चर्चा होते, अडथळे मोजले जातात, काढलेही जातात. मी लहानपणी आईच्या कडेला उभी राहून बघायची आणि मला वाटायचं, एवढ्याशा छपरानं किरण अडतो म्हणजे काय! आता कळतं. तुझे १२० रुपये त्या छपराएवढेच आहेत.

आणि तुझ्या मनातली शंका मला कळत नाही असं समजू नकोस. हे सांगितलं तर त्या म्हणतील, "बघा, तेव्हा तीन घेतले, आता चौदा घेतले." काहीजणी म्हणतीलच. मी तुला खोटा धीर देणार नाही.

माझे वडील गुळाच्या अडतीत दिवाणजी होते. एकदा मालाच्या मोजणीत गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, कमी भरले आणि बोट वडिलांकडं गेलं. मालक म्हणाले, जोतिबाची शपथ घ्या. वडील म्हणाले, "रवे मी नेले नाहीत. पण त्या दिवशी काटापट्टीवर मी न बघता सही केली, गाडी सुटायची घाई होती. ती चूक माझी." शपथ काही घेतली नाही. नोकरी गेली. रवे कुणी नेले ते कधीच उघड झालं नाही. आठ महिने आईच्या शिलाई मशीनवर घर चाललं, आणि आमच्या पेठेत काही लोक वडिलांना शेवटपर्यंत त्यावरून बोलत राहिले. मला आठवतं ते असं: त्या रात्री त्यांनी आम्हा तिघा भावंडांना समोर बसवलं आणि मालकाला जे सांगितलं ते शब्दाला शब्द आम्हाला सांगितलं, न बघता केलेल्या सहीसकट. दुसऱ्या दिवशी शाळेत आम्हाला बाहेरून काही कळायच्या आधी. मग उठून देवापुढं दिवा लावला. मालकासमोर, पोरांसमोर आणि देवासमोर त्यांचं वाक्य एकच होतं. तुझं आज तसं नाही. गटात तू एक सांगतेस, मला दुसरं, आणि देवीसमोर गेल्यावर तिसरंच, तिथं तर तू शापच देऊन आलीस.

तेव्हा असं कर. शुक्रवारच्या आधी मीटिंग बोलव. तुमचा गट माविमचा, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाचा, असेल तर तिथल्या सहयोगिनीला, उमेद अभियानातला असेल तर तिथल्या समूह संसाधन व्यक्तीला बसायला सांग, म्हणजे आवाज चढले तरी कुणीतरी मध्ये असेल. सगळ्याजणी आल्या की दुसरं काही बोलायच्या आधी ३,००० चं सांग. रडत नको, कारणांची माळ नको. "दोन वर्षांपूर्वी पोराच्या फीसाठी गटाचे ३,००० मी न विचारता दोन महिने वापरले, मग भरले. चूक केली. त्याचं व्याज १२० रुपये हे घ्या, पावती द्या, रोकड वहीत नोंद करा." फी भरायला आपल्याकडं पैसे नव्हते हे सांगायची लाज वाटत असेल तर ती वाटू दे, तिथं बसलेल्या निम्म्याजणींवर ती वेळ येऊन गेलेली असेल. बँकेच्या पासबुकात तसंही ते दिसणार आहे, दोन महिने भरणा कमी आणि पुढं जास्त. पण पकडली जाशील म्हणून सांगू नकोस. पुन्हा सांगते, त्या भीतीनं नको.

मगच म्हण, "१४,३०० मी घेतले नाहीत. हिशेब लावूया."

आणि खरंच लावा. प्रत्येकीचं पासबुक तिच्या तिच्या घरी असतं, तुझ्या हातात नसतं, म्हणून सुरुवात तिथनं करा. बाराजणींची बचत आणि हप्ते महिन्यावार एका कागदावर घ्या, मग वहीशी ताडा, मग बँकेच्या पासबुकाशी. माझा संशय जुलै २०२१ वर आहे. भिजलेल्या वहीतनं उतरवताना एखादं पान चिकटलेलं राहिलं, कुणाचं कर्ज वाटलेलं लिहिलं गेलं आणि परतफेड राहिली, किंवा उलट झालं, असं सहज होतं. पूर ओसरल्यावरचे ते दिवस, घरात गाळ, आणि तू आठवून आठवून आकडे लिहितेस. जुनी भिजकी वही टाकली नसशील तर तशीच घेऊन जा, वास मारत असली तरी. आणि एक गोष्ट त्यांना विचार, बँकेतनं पैसे काढायला तुमच्यात किती सह्या लागतात? सहसा दोघींच्या लागतात. मग बँकेतल्या पैशाचा जाब एकट्या सचिवाला कसा? हे भांडायला म्हणून नको, शांतपणे विचार.

नवऱ्याला सांग की १४,३०० भरायचे नाहीत. त्याचा हेतू चांगला आहे, त्याला बायकोचा अपमान बघवत नाही. पण न घेतलेले पैसे भरले की घेतल्याची कबुली होते. शिवाय तो आकडा खरोखर कुठं चुकला ते मग कुणी शोधणार नाही, आणि पुढच्या सचिवाच्या गळ्यात तेच येईल. तुझे १२०, तेवढेच भर.

पोलिसांचं म्हणत असतील तर घाबरू नकोस. कोऱ्या कागदावर सही करू नकोस, वह्या देशील तर पोच घे. बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कसबा बावड्याला न्यायालयातच आहे, जाऊन विचार.

राहिला तो शाप. हे मला सगळ्यात जास्त टोचलं. "जिनं हे केलं" असं लिहिलंस. म्हणजे तुझ्या मनात एक बाई ठरलेली आहे. पुरावा काय तुझ्याकडं? त्यांच्याकडं तुझ्याविरुद्ध जेवढा आहे तेवढाच. त्यांनी भर मीटिंगमध्ये केलं ते तू गाभाऱ्यासमोर केलंस. आणि पैसे कुणीच घेतले नसतील, सगळा घोटाळा त्या चिकटलेल्या पानाचा असेल, तर तू वाटोळं मागितलंस ते कुणाचं?

मीटिंग झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे जा, गर्दी नसताना, घाटी दरवाजानं. ओटी वगैरे काही नेऊ नकोस, नवस बोलू नकोस, न्याय मागू नकोस. परवाचं बोलणं मागं घेते, एवढं म्हण. मनात जी बाई आहे तिचं नाव घे आणि ती सुखी राहू दे, असं म्हण. जड जाईल, जीभ वळणार नाही, तरी म्हण. मग ३,००० चं देवीलाही सांग, मीटिंगमध्ये सांगितलंस त्याच शब्दांत.

आणि मला कळव. हिशेब लागला तर कळवच, पण नाही लागला, त्यांनी तुझं ऐकलं नाही, तरीही कळव. मी वाट बघते.

— मावशी