गढूळ म्हणून टाकू नकोस

अगं मुली,

तुझा मेल दोनदा वाचला. पॉलिएस्टर वितळतो पण दुधाळच राहतो, डीएससीत (नमुना तापवताना तो किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या यंत्रात) दोन शिखरं, गाइड म्हणतात अशुद्ध आहे, पुन्हा धू. तीनदा धुतलंस आणि आता विषय बदलू का म्हणून विचारतेस. काचपट्टीवर वितळवून मायक्रोस्कोपात क्रॉस्ड पोलरायझरखाली, म्हणजे एकमेकांना आडव्या लावलेल्या दोन ध्रुवक-पट्ट्यांमध्ये, बघितलंस? साधा द्रव तिथं काळा दिसतो, द्रवस्फटिक उजळतो. नाही ना? मग कसला डोंबलाचा विषय बदलतेस! टाकण्याआधी बघ, तो द्रवस्फटिक असेल: वाहणारा, पण रेणू एका दिशेला लागलेला.

द्रवस्फटिकांची सुरुवातच अशी झाली. 1888 मध्ये प्रागला रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाचं कोलेस्टेरिल बेंझोएट 145.5 अंशांना वितळून गढूळ झालं आणि 178.5ला निवळलं. त्यानं ते लेमान या भौतिकशास्त्रज्ञाकडे पाठवलं, कारण लेमानकडे तापवता येणारा मायक्रोस्कोप होता.

स्टेफनी क्वोलेकचं तर तुला पाठच हवं. 1965, ड्यूपाँट. पॉलिअ‍ॅमाइडचं द्रावण एरवी काकवीसारखं घट्ट. हिचं निघालं ताकासारखं, पातळ आणि गढूळ. स्पिनरेट (धागा काढायची बारीक भोकांची चकती) सांभाळणारा म्हणाला, यातल्या कणांनी भोकं बुजतील. तिनं गाळलं. तरी गढूळच! म्हणजे कण नव्हतेच. ताठ काड्यांसारखे रेणू आपापल्या घोळक्यात एका दिशेला लागले होते, म्हणून पातळ आणि म्हणूनच गढूळ. फ्लोरी या पॉलिमर-शास्त्रज्ञानं 1956 मध्ये हे कागदावर मांडलेलं होतं. ती हटून बसली, धागा काढला गेला, तो तुटेना. त्यातूनच पुढे बुलेटप्रूफ जाकिटांतलं केव्हलार.

आणि मी? 1979 मध्ये हायड्रॉक्सिबेंझोइक अ‍ॅसिड घातलेला माझा पॉलिएस्टर ढवळताना मोत्यासारखा झळकला, अपेक्षेपेक्षा पातळही वाटला. मी टाकून दिला. जॅक्सन आणि कुहफसचा 1976 चा पेपर, नेमका असल्याच पॉलिएस्टरवरचा, लायब्ररीत होता. वाचलाच नव्हता. मायक्रोस्कोप एकच, तोही कुलपात, चावी मागायची लाज वाटायची. तू म्हणशील, सबबी सांगतात सर. असेल. पण चावी खरंच मिळत नसे गं.

गढूळपणा घाणीचाही असतो, मान्य. म्हणूनच तर बघ म्हणतोय. वितळलेल्यावर कव्हरस्लिप चिमट्यानं दाब. उजळ राहून वाहायला लागलं तर समज, द्रवस्फटिक आहे. नुसते कडक कण सरकले तर खुशाल धू, मी अडवणार नाही. बॅटरीच्या विषयात जायचं तर तेही जा, पण बघून जा.

शनिवारी सकाळी बाटली घेऊन ये, तीनही धुण्यांचे नमुने वेगळे. आणि लेबलावर तापमान लिही, ‘अशुद्ध’ लिहिलेलं मला चालणार नाही.

— सर