एका थीमवर जुन्या रॉक अँड रोलचा तासभराचा शो कसा बांधायचा?

तुम्ही विचारलंय की न्यू जर्सीतून ऑनलाइन रेडिओवर जुन्या रॉक अँड रोलचा तासभराचा शो सुरू करायचाय, दर आठवड्याला एक थीम, पण ‘ट्रेन’ म्हटलं की नावात ट्रेन असलेली वीस गाणी मिळतात आणि ती एकामागोमाग लावली की बोअर होतं, मग निवडायची कशी.

माझंही अगदी हेच झालं होतं. मी क्लीव्हलंडजवळ राहते, आठवडाभर अकाउंट्सचं काम, आणि शनिवारी सकाळी सहाला एका कॉलेजच्या रेडिओ स्टेशनवर व्हॉलंटियर म्हणून असा शो करते. हो, सहाला. नव्या माणसाला तोच स्लॉट देतात आणि मी चार वर्षं झाली तरी तिथेच आहे. पहिला शो केला तो गाड्यांवर. कॅडिलॅक, फोर्ड, परत कॅडिलॅक... अर्ध्या तासात मलाच जांभया यायला लागल्या, कारण प्रत्येक गाण्यात एक मुलगा गाडी घेऊन एका मुलीला फिरवत होता, संपलं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट बघते, की थीमची वस्तू त्या गाण्यात काही काम करते का? की नुसती नावात येऊन बसलीय? नुसती बसली असेल तर गाणं कितीही आवडतं असो, बाहेर.

टेलिफोनवरच्या शोचं सांगते, कारण तो मला त्यातल्या त्यात बरा जमला. सुरुवात बिग बॉपरच्या ‘शँटिली लेस’ने, 1958. आधी फोनची रिंग, मग तो खर्जातला आवाज, "हॅलो बेबी", आणि पुढे आपल्याला फक्त त्याची बाजू ऐकू येते, ती पलीकडून काय बोलते ते त्याच्या हसण्यावरून ओळखायचं. म्हणजे अख्खं गाणं फोनमुळे उभंय, फोन काढून घेतला तर उरतंच काय. हा माणूस स्वतः टेक्सासमधे रेडिओवर डीजे होता, त्यामुळे त्याला माईकशी खेळणं माहीत होतं. फेब्रुवारी 1959 मधे बडी हॉली आणि रिची व्हॅलेन्स ह्या गायकांबरोबर विमान अपघातात गेला, पण ते मी त्या शोमधे सांगितलं नाही. थीम फोन आहे ना, मग फोनवरच राहायचं. माहिती आहे म्हणून सगळी ओतायची नाही, हे शिकायला मला वर्ष लागलं.

त्यानंतर चक बेरीचं ‘मेम्फिस, टेनेसी’, 1959. एक माणूस लाँग डिस्टन्सच्या ऑपरेटरला विनवतोय की मेम्फिसमधल्या मरीला फोन जोडून द्या, तिनेच फोन केला होता पण तिला नंबर ठेवता आला नव्हता. आपण म्हणतो प्रेयसी असणार. शेवटच्या ओळींत कळतं की मरी सहा वर्षांची आहे, त्याची मुलगी, आणि तिच्या आईमुळे दोघांची ताटातूट झालीय. हे गाणं लावण्याआधी एक अक्षर बोलू नका, प्लीज. मी एकदा उत्साहात आधीच सांगून टाकलं, आणि मग दोन-सव्वादोन मिनिटं स्वतःवर चिडत बसले. आणि संपल्यावर लगेच पुढचं गाणं अंगावर घालू नका, तीन-चार सेकंद शांतता चालते. डेड एअरला, म्हणजे रेडिओवर काहीच ऐकू न येण्याला, सगळे घाबरतात पण त्या गाण्यानंतरची शांतता ही डेड एअर नसते.

मग नंबरांची गाणी. इथे मला खरी गंमत सापडली आणि तीही माझी मला नाही. ग्लेन मिलरचं ‘पेनसिल्व्हेनिया 6-5000’ 1940 चं (रॉक अँड रोल नाही, बिग बँड आहे, पण थीमच्या शोमधे एखाद्दुसरं आजोबांच्या पिढीतलं गाणं खपून जातं), मार्व्हलेट्सचं ‘बीचवुड 4-5789’ 1962 चं आणि विल्सन पिकेटचं ‘634-5789’ 1966 चं. मी आपली ओळीने लावली. दुसरं चालू असताना स्टुडिओतला फोन वाजला, पलीकडे एक आजी, म्हणाल्या मी एक्स्चेंजमधे ऑपरेटर होते, तू हे समजावून का नाही सांगत? म्हटलं काय? तर म्हणाल्या, डायलवर आकड्यांबरोबर अक्षरं असायची, एक्स्चेंजच्या नावाची पहिली दोन अक्षरं फिरवायची. बीचवुडचा बी म्हणजे 2, ई म्हणजे 3, म्हणून तो नंबर 234-5789. आणि पेनसिल्व्हेनिया 6-5000 म्हणजे 736-5000, न्यूयॉर्कच्या तेव्हाच्या पेनसिल्व्हेनिया हॉटेलचा खराखुरा नंबर. नंतर नावं जाऊन नुसते आकडे आले. आता परत ती तीन नावं बघा, पहिल्या दोघांत एक्स्चेंजचं नाव आहे आणि 1966 च्या गाण्यात फक्त आकडे! शेवटचे चार तेच, 5789. टेलिफोन खात्याचा इतिहास तीन गाण्यांत, आणि मी ती फक्त नंबर आहेत म्हणून लावत होते.

आता हिशोब. तेव्हाची गाणी अडीच मिनिटांच्या आसपास, म्हणजे सतरा गाण्यांची साडेबेचाळीस मिनिटं झाली. उरलेल्या साडेसतरा मिनिटांत स्टेशनचं नाव-गाव, स्पॉन्सरचे आभार आणि तुमचं बोलणं, म्हणजे एका गाण्यामागे फार तर चाळीस-पन्नास सेकंद. तेवढी पुरतात. मी वीस गाणी नेते, सतरा लावते, तीन ऐनवेळी गळतात.

एक नियम मात्र आत्ताच समजून घ्या, तुम्ही अमेरिकेतून स्ट्रीम करणार आहात म्हणून. इथल्या वेबकास्टिंगच्या, म्हणजे इंटरनेटवरून गाणी ऐकवण्याच्या, नेहमीच्या लायसन्सवर कुठल्याही तीन तासांत एका कलाकाराची चारपेक्षा जास्त गाणी चालत नाहीत, सलग तर तीनच, आणि एका अल्बममधली तीन, त्यातली सलग दोनच. गाण्यांची यादी आधी जाहीर करायची नाही हेही त्यातच. मला हे माहीतच नव्हतं. 8 जानेवारीला एल्विस प्रेस्लीचा वाढदिवस, मी तासभर एल्विसच एल्विस ठरवून गेले आणि स्टेशनवरच्या पोरांनी आदल्या दिवशी यादी बघून कपाळाला हात लावला. रात्रीत बदलायला लागलं. मग केलं काय, एल्विसची चारच ठेवली आणि प्रत्येकाच्या आधी मूळ गाणं लावलं. ‘हाउंड डॉग’ बिग मामा थॉर्नटनचं 1953 चं आणि मग एल्विसचं 1956 चं. ‘दॅट्स ऑल राइट’ आधी आर्थर क्रूडपचं, ‘मिस्टरी ट्रेन’ ज्युनियर पार्करचं, ‘ब्लू स्वेड शूज’ कार्ल पर्किन्सचं. बिग मामाचं एकदा ऐकलंत की एल्विसचं जरा पोरकट वाटतं, निदान मला तरी. फोन आले, दोघंजण चिडले होते. बाकीची जागा त्याच्या साथीदारांनी आणि नकला करणाऱ्यांनी भरून काढली. नियमाने नडवलं नसतं तर हा शो सुचलाच नसता.

थीम जितकी हातात धरता येईल तितकी बरी. प्रेम, स्वप्न, तारुण्य वगैरे घेऊ नका, त्यात सगळंच बसतं. बूट घ्या, घड्याळ घ्या, सोमवार घ्या. मी एकदा ‘अर्थ नसलेले शब्द’ घेतलं होतं, लिटल रिचर्डचं ‘टुटी फ्रुटी’ 1955, जीन व्हिन्सेंटचं ‘बी-बॉप-अ-लूला’ 1956, आणि शेवटी सरळ आपलं ‘ईना मीना डीका’, 1957, सी. रामचंद्र. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा माणूस! तेवढ्यात एकाने फोन करून विचारलं ही कुठली भाषा, म्हटलं बाकीची कुठलीच नाही, पण मधलं ‘माका नाका’ कोकणी आहे, त्याचा अर्थ ‘मला नको’. फार हसला तो.

ऐकायला म्हणाल तर बॉब डिलनने 2006 ते 2009 सॅटेलाइट रेडिओवर असाच शो केला होता, शंभर भाग, पहिला हवामानावर. गाण्यांपेक्षा तो दोन गाण्यांच्या मधे काय बोलतो आणि किती कमी बोलतो ते ऐका. मला स्वतःला लहानपणीचं विविध भारतीचं छायागीत जास्त कामाला आलं, रात्री दहाला निवेदक एक धागा धरायचे आणि आवाज न चढवता गाण्यापर्यंत आणून सोडायचे.

आणि एक. आमच्या क्लीव्हलंडचा अ‍ॅलन फ्रीड, 1951 पासून रात्री इथूनच रिदम अँड ब्लूज लावायचा आणि रॉक अँड रोल हा शब्द घरोघर पोचवला तो त्यानेच, तो गाणं चालू असताना तालावर टेलिफोन बुकवर थापा मारायचा. म्हटलं टेलिफोनचा शो आहे, ह्याहून बरं काय. शेजाऱ्यांच्या बेसमेंटमधून एक जाडजूड जुनं बुक आणलं, माईकसमोर ठेवलं आणि ‘शँटिली लेस’ला दिली एक थाप. पण बुक होतं टर्नटेबलच्याच टेबलावर, सुई उडाली ती थेट गाण्याच्या शेवटाला जाऊन पडली आणि सगळ्या गावाने ऐकलं. थाप मारायची असेल तर बुक मांडीवर घ्या.