महिनाभर कृतज्ञता डायरी लिहून काहीच फरक नाही, सोडून देऊ का?

तुम्ही म्हणताय की महिनाभर रोज रात्री डायरीत कृतज्ञता वाटावी अशा तीन गोष्टी लिहिताय पण आता "घर, तब्येत, आईबाबा" हेच रिपीट होतंय आणि बरं वाटायच्या ऐवजी अपराधी वाटतं. माझंही अगदी हेच झालं होतं म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे रोजचं बंद करा, आठवड्यातून एकदा पुरे. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात सहा आठवडे काहींना आठवड्यातून एकदा आणि काहींना तीनदा लिहायला लावलं होतं, तर फायदा एकदावाल्यांना दिसला. रोज तेच करून मन सरावतं, मग ते हजेरी लावल्यासारखं होतं.

दुसरं, "का" लिहा. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांच्या २००५ च्या अभ्यासात लोक एक आठवडा रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायचे आणि प्रत्येक गोष्ट का घडली तेही लिहायचे. आपल्या सगळ्यांच्या तीन गोष्टी तेवढ्या लक्षात राहिल्या, "का" मात्र गळून गेलं, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. मी आधी लिहायचे "मैत्रिणीचा फोन आला". आता लिहिते की मी दोनदा फोन उचलला नाही तरी तिने तिसऱ्यांदा केला, आणि काय झालं असं खोदून न विचारता नुसती स्वतःच्या ऑफिसच्या गोष्टी सांगत बसली कारण मला बोलायचं नाहीये हे तिला कळलं होतं. हे लिहिताना डोळ्यात पाणी आलं, आधीच्या ओळीने कधीच आलं नव्हतं. तीनचा हट्टही नको, एकच लिहा पण नीट लिहा. सुचत नसेल तर उलटं करून बघा, ही व्यक्ती आपल्याला भेटलीच नसती तर आज काय असतं असा विचार करायचा, माझ्यासाठी हे फार चालतं.

आता अपराधीपणाचं. "सगळं असून मला असं का होतंय" हा विचार येतो ना, तो कृतज्ञता नाही, ती स्वतःला दिलेली शिक्षा आहे. डायरीत दुखतंय तेही लिहा. मी डाव्या पानावर जे सलतंय ते लिहिते आणि उजव्या पानावर जे चांगलं झालं ते, दोन्ही खरंच असतं, एकाने दुसरं पुसायचं नाही. नुकतंच कुणी गेलं असेल किंवा घरात त्रास होत असेल तर त्यात चांगलं शोधायची जबरदस्ती तर अजिबात करू नका.

आणि एक सांगायलाच हवं, डिप्रेशन किंवा अँक्झायटीवर हा उपचार नाही. २०२१ मध्ये कृतज्ञतेच्या अशा उपायांवरचे २७ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा या दोन्हींवर परिणाम थोडासाच दिसला. दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण जात नाही, आवडीचं काहीच करावंसं वाटत नाही असं असेल तर डॉक्टरकडे जा, आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर आजच कुणाला तरी सांगा. माझी डायरी सात महिने बंदच होती, तेव्हा गोळ्या आणि समुपदेशन चालू होतं. परत लिहायला घेतली तेव्हा पहिली नोंद त्या समुपदेशक बाईंची होती, त्या दिवशी मी पूर्ण तासभर गप्प बसले तरी त्यांनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नव्हतं.